डिस्चार्ज कार्डावरची माझी ओळ

लग्नाच्या मांडवात बायका एकमेकींच्या गळ्यातलं बघतात, मी पाय बघते. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसला की माझं जेवणात लक्ष लागत नाही. मागच्या महिन्यात देवळाली प्रवऱ्याला भाचीचा साखरपुडा होता. तिथं मी होणाऱ्या जावयाच्या मामांची पोटरी भर मांडवात दाबून पाहिली, "दुखतं का हो?" असं विचारून. मामा आधी दचकले, मग लाजले. तो पाय म्हणे लहानपणी बैलगाडीखाली सापडला होता, तेव्हापासून तसाच आहे. भाची अजून माझ्याशी धड बोलत नाही.

चौतीस वर्षं मी सिस्टर होते, त्यातली शेवटची बारा शेवगावच्या एका दवाखान्यात. आमच्या ख्रिस्ती समाजात घरटी एक मास्तर नाही तर एक सिस्टर असतेच. आमच्या घरात वडील मास्तर होते, म्हणून मी सिस्टर झाले, एवढं सरळ गणित. मास्तरांची मुलगी असल्यानं दोन गोष्टी वारशानं आल्या, सुरेख अक्षर आणि फटकळ तोंड. या दोन्हींचा मला अभिमान होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत या दोन्हींनीच मला मान खाली घालायला लावली. ती गोष्ट आज सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतेय, नावं तेवढी बदलली आहेत.

करोना म्हटलं की लोकांना ऑक्सिजन आठवतो, सिलिंडरसाठी झालेली धावाधाव आठवते. त्या आजाराची आणखी एक खोडी होती, तिची चर्चा कमी झाली. तो रक्त घट्ट करायचा. माणूस दिवसेंदिवस पडून राहिला की पायातलं रक्त आधीच मंद वाहतं. त्यात आजारानं ते घट्ट झालेलं. मग पोटरीच्या किंवा मांडीच्या शिरेत गुठळी धरते. तिथंच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पण तिथून सुटली तर रक्ताबरोबर वर निघते, हृदयाच्या उजव्या बाजूतून जाते आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. लहान असली तर छातीत कळ येते, धाप लागते. मोठी असली तर चांगला बोलणारा माणूस बोलता बोलता कोसळतो. माझ्या साऱ्या नोकरीत असे पेशंट मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले होते. त्या एका उन्हाळ्यात बोटं पुरली नाहीत.

गुठळी होऊ नये म्हणून वॉर्डात आम्ही पेशंटला बेंबीच्या बाजूला, पोटाच्या कातडीत एक बारीक सुई द्यायचो. आता आमच्याकडच्या जुन्या माणसांना पोटातली सुई एकाच कारणासाठी माहीत. एका आजींनी तर मला बघून लुगड्याचा पदर पोटाभोवती गच्च आवळून घेतला.

"ए बाई, मला कुत्रं चावलं न्हाई आन् मी कुनाला चावले न्हाई. पोटात सुई कशाला?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्या रक्ताचं दही लागायला लागलंय. ते लागू नये म्हणून."

"मंग इरजन कुनी घातलं?"

सरकारी सूचना, डॉक्टरांचं समजावणं, कशानं न ऐकलेल्या आजी या दह्यावर राजी झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मला पाहताच स्वतः पोट उघडं करायच्या आणि म्हणायच्या, "ये, ताक करून जा माझं." बऱ्या होऊन चालत घरी गेल्या.

दुसरे एक निवृत्त गुरुजी होते. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून ते जेवायचे सुद्धा. दर पाच मिनिटांनी हजेरी घेतल्यासारखा आकडा मोठ्यानं पुकारायचे आणि तो ऐकून शेजारच्या चार जणांची छाती धडधडायची. शेवटी मी यंत्र काढून घेतलं. "तुमची लेखी तक्रार करीन," म्हणाले. मी म्हटलं, "करा, पण अक्षर सुवाच्य काढा." माझं तोंड असं. वॉर्ड त्या तोंडावर चालतो असं मला वाटायचं, आणि थोडंफार खरंही होतं.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बरा होत आलेला एक पेशंट एका दुपारी कुणाला न सांगता ऑक्सिजनची नळी काढून संडासाकडे चालत गेला आणि दारातच पडला. मी दहा पावलांवर होते, हातात दुसऱ्या कुणाचं सलाईन. तो उठला नाही. त्यानंतर माझ्या मनानं धसका घेतला. पेशंट उठून बसलेला दिसला तरी मी ओरडायचे, "पाय खाली टाकला तर माझ्याशी गाठ आहे!" डिस्चार्ज कार्डावर वरची औषधं सर लिहायचे. सर म्हणजे आमचे फिजिशियन, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, शांत माणूस. खालचा सल्ला मी लिहायचे. आहार, मास्क, आणि शेवटी टपोऱ्या अक्षरात: "पूर्ण विश्रांती. अंथरुणातून उठू नये." त्याखाली दोन रेघा. आणि कार्ड हातात देताना तेच तोंडी, ठासून.

भाऊसाहेब आला तो दिवसाच्या अकराच्या सुमाराला. बेचाळीस वर्षांचा, अंगानं भरलेला शेतकरी. पिकअप टेम्पोत मागं गादी टाकून त्याला आणला होता. बरोबर त्याचा थोरला भाऊ, म्हातारी आई आणि बायको मंदा. मंदाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल लागलेलं होतं, ते पुसायलाही तिला वेळ मिळाला नव्हता.

"लवकर बघा वो सिस्टर, ह्यांला दमच घेता येईना!"

ओठ निळे, अंगाला दरदरून घाम, नाडी हाताला लागत नव्हती म्हटलं तरी चालेल. ऑक्सिजन लावला तरी आकडा वर येईना. करोना होऊन गेला होता, आमच्याच दवाखान्यातून आठ दिवसांपूर्वी घरी गेला होता, असं भावानं सांगितलं. मला चेहरा आठवेना. त्या दिवसांत आम्ही सगळे पीपीई किटच्या पांढऱ्या पिशव्यांत कोंबलेले असायचो, पेशंट तोंडाला मास्क लावून पालथे झोपलेले. चेहरे कुणी कुणाचे पाहिलेच नव्हते.

मी चादर वर केली. डावा पाय उजव्याच्या दीडपट, चकचकीत आणि तेलानं माखलेला.

"पाय कधीपासून सुजला?"

मंदा म्हणाली, "चार दिस झाले. पोटरीत गोळा आल्यावानी झाल्ता. लई ठनकायचा. म्हनून कोमट तेल लावून चोळत हुते. आत्ता बी चोळतच हुते, तर एकदम छातीला हात लावला आन्..."

आमच्याकडे अंगात कळ आली की ती चोळायची, हे आईच्या दुधातून येतं. पाय मुरगळो, पोट दुखो, पोटरीत गोळा येवो, तेल कोमट करायचं आणि अंगठ्यानं रेटून वरच्या दिशेनं गाठ सोडवायची. मी स्वतः वडिलांचे पाय असे चोळलेले आहेत. हे सगळं मला माहीत होतं. तरीही माझं तोंड सुटलं. तिथं आई उभी, भाऊ उभा, इतर पेशंटांची माणसं उभी, आणि मी ओरडले, "कुणी सांगितला शहाणपणा तुला? गुठळी होती ती! चोळून चोळून सोडवलीस आणि घातलीस ना छातीत!"

मंदानं आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते पदरात लपवले. म्हातारी मटकन खाली बसली. थोरला भाऊ मंदाकडे अशा नजरेनं पाहायला लागला की मी माझं वाक्य परत घ्यायला हवं होतं. पण मी सुई शोधत होते. कामाच्या घाईला सगळं माफ असतं असा आम्हा लोकांचा गैरसमज असतो.

सरांनी त्यांचं लहान इको मशीन आणून छातीला लावलं. हृदयाची उजवी बाजू फुगून डावीला दाबत होती. सर भावाला समजेल असं म्हणाले, "पाइपलाइनीत पुढं बोळा अडकलाय आणि मागं मोटार चालू आहे. मोटार जळायच्या बेतात आहे." खात्री करायला सीटी स्कॅन हवा, तो आमच्याकडे नाही. नगरचा रस्ता दीड-दोन तासांचा, तिथं खाट मिळेल याची शाश्वती नाही. रक्तदाब असा की नगर सोडाच, जवळची पाथर्डीही दिसली नसती. राहता राहिलं एक औषध, गुठळी विरघळवणारं, हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी आम्ही ठेवतो ते. पण ते अंगात गेलं की शहाणी गुठळी आणि वेडी गुठळी असा भेद करत नाही. शरीरात कुठं आतून जखम असेल तर तीही वाहायला लागते. मेंदूत रक्तस्राव झाला तर माणूस हातचा जातो. सरांनी हे सगळं दोन मिनिटांत सांगितलं आणि संमतीचा कागद पुढं केला.

मंदानं पेनासाठी हात पुढं केला. म्हातारी खालूनच बोलली, "तिची सही नगं. तिनं केलं तेवढं बास झालं."

सही भावानं केली. मंदाचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला आणि मग खाली गेला. हे मी पाहिलं. पाहूनही सहीचा कागद फायलीत लावला.

औषध देण्याआधी माझं काम असतं प्रश्न विचारायचं. ऑपरेशन झालंय का, डोक्याला मार लागलाय का, काळी शी होते का, अलीकडे कुठं सुई टोचलीय का. भाऊ प्रत्येकाला "न्हाई, न्हाई" म्हणत होता. शेवटच्या प्रश्नाला मंदा दारातून हळूच म्हणाली, "परवा गावातल्या डॉक्टरनी कमरंत दुखन्याची सुई दिल्ती. उजव्या बाजूला." भावानं डोळे वटारले. तो डॉक्टर त्यानंच आणला होता, हे मला नंतर कळलं. पण त्या एका वाक्यानं आमचे डोळे उघडले. सर म्हणाले, "द्यायचंच. नाहीतर माणूस जातोच आहे. सिस्टर, तुम्ही ती जागा दाबून धरा."

दोन तास औषध शिरेतून जात होतं आणि दोन तास मी भाऊसाहेबाच्या कमरेवर कापसाचा बोळा तळहातानं दाबून वाकून उभी होते. हात बधिर झाला, पाठ मोडून आली, चष्म्यावर वाफ. दर पाच मिनिटांनी त्याला विचारायचं, "नाव काय तुझं? गाव कुठलं?" बोलणं अडखळलं तर समजायचं मेंदूत काही झालं. सुरुवातीला तो नुसतं कण्हायचा. पहिला तास संपता संपता नाव सांगितलं. मग रक्तदाब वर यायला लागला, ओठांचा निळा रंग उतरला. दुसऱ्या तासाच्या शेवटी मी नाव विचारलं तर म्हणाला, "किती येळा सांगू वो बाई? आधार कार्ड देऊ का?"

मी मास्कच्या आत हसले आणि रडलेही. कमरेची ती जागा वांग्यासारखी काळीनिळी झाली, पण तेवढ्यावर भागलं. मंदानं सांगितलं नसतं तर आमचं तिकडं लक्षही गेलं नसतं.

माणूस वाचला की दवाखान्यात सगळं सरळ होतं असं बाहेरच्यांना वाटतं. भाऊसाहेब रोज सुधारत होता. चौथ्या दिवशी खाटेवर बसून खिचडी खाल्ली. पाचव्या दिवशी अँब्युलन्समधून नगरला नेऊन सीटी करून आणला. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्यांचे उरलेसुरले तुकडे दिसले, म्हणजे सरांचा अंदाज बरोबर होता. पण खाटेजवळ थोरला भाऊच असायचा. मंदा बाहेर पाण्याच्या टाकीच्या कडेला एकटी बसलेली, आणि सासू तिच्यापासून दूर, लिंबाखाली. डबा घरून यायचा, तो सासू आणि भाऊ घेऊन बसायचे. मंदा खाते की नाही कुणी विचारत नव्हतं. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मामीनं मला सांगितलं, "गावात बोंब झालीय सिस्टर, बायकोनं चोळून नवरा मारायला घातला म्हणून. घरी गेल्यावर तिला माहेरी धाडणार म्हणतात." मामीला साऱ्या तालुक्याची खबर असायची.

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडंच. मी मनात म्हटलं, आता कशाला चोळायचा सुजलेला पाय, एकदा फोन करायचा होता.

नवव्या दिवशी डिस्चार्ज होता. मी कागद तयार करत होते, आधीचं कार्ड हवं होतं. भाऊ म्हणाला, "ते सगळं तिच्याकडंय." मंदानं टाकीवरून उठून एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली. आत सगळं एकावर एक नीट लावलेलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं सुद्धा टाकलेली नव्हती. आणि कार्ड. खाली टपोरं, सुवाच्य, मास्तरांच्या मुलीचं अक्षर. "पूर्ण विश्रांती. अंथरुणातून उठू नये." दोन रेघा.

मी विचारलं, "घरी गेल्यावर हे किती दिवस झोपून होते?"

"आठ बी दिस," मंदा म्हणाली. "तुमीच म्हनल्या हुत्या ना सिस्टर, पाय खाली टाकू द्यायचा न्हाई. मी टाकूच दिला न्हाई. संडास-लघवीचं भांडं खाटंवरच द्यायची. जेवन बी भरवायची. ह्यांला लाज वाटायची माझ्याकडून भांडं घ्यायची, म्हनून पानीच प्यायचे न्हाईत. मी लई भांडले, पानी प्या म्हनून. दिसातून तांब्याभर बी जायचं न्हाई पोटात."

एवढ्या वर्षांत मला कुणी असं उघडं पाडलं नव्हतं, आणि तिला तर काही उघडं पाडायचंही नव्हतं. ती फक्त हिशोब दिल्यासारखं सांगत होती की मी तुमचं ऐकलं. आजारानं घट्ट झालेलं रक्त, उन्हाळ्यात पाणी नाही आणि आठ दिवस पाय हलवायचा नाही. गुठळी धरायला आणखी काय लागतं? चोळल्यानं ती सुटली असेल, कदाचित तिची तीही सुटली असती, सरांनाही ते सांगता येत नव्हतं. पण ती धरली कशी हे मला त्या दोन रेघांत दिसत होतं. विश्रांती म्हणजे दगडासारखं पडणं नव्हे, घरातल्या घरात चाला, पाऊल हलवा, पाणी प्या, एवढं लिहायला एक ओळ पुरली असती. माझ्या धसक्यापायी मी ती लिहिली नाही.

मी कार्ड घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. म्हणाले, "विश्रांती सांगा असं मीच म्हणालो होतो, सिस्टर. उठू नये इतकं नाही म्हणालो, पण तुम्ही काय लिहिता ते कधी वाचलंही नाही. आजपासून सल्ला बदलू. पण बाहेर काही बोलू नका. लोकांची डोकी आधीच तापलीत. दवाखाना फोडतील."

त्यांची भीती खोटी नव्हती. असे प्रकार आजूबाजूला होत होते. मी "बरं" म्हणून बाहेर आले, आणि टाकीकडे बघितलं. मंदा पिशवीतले कागद पुन्हा एकावर एक लावत होती.

मी तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात सांगितलं. चूक माझी होती, मी चुकीचं लिहिलं, तू माझं ऐकलंस म्हणून गुठळी धरली. तुझ्या चोळण्यापेक्षा माझं लिहिणं मोठं कारण.

मला वाटलं, ती रडेल किंवा पाया पडेल. आमच्याकडे बायका कशालाही पाया पडतात. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मंग त्या दिशी मला का वरडल्या?"

काय सांगणार? की मी घाबरले होते, आणि घाबरले की मी समोरच्या गरिबावर ओरडते? एवढी वर्षं तेच करत आले आहे?

"चुकलं माझं, बाई," मी म्हटलं.

"मला एकलीला सांगून काय उपेग? तिकडं चला." तिनं लिंबाकडे बोट केलं. "त्या दिशी जेवढ्या मोठ्यानं वरडल्या, तेवढ्याच मोठ्यानं सांगा. आत्याबाईंना ऐकू जाऊ द्या."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. माझ्या मनात आलं, बरोबर आहे, बाईला आपलं नाव धुऊन घ्यायचंय, आणि तो तिचा हक्क आहे. सरांना "बरं" म्हणून आले होते. ते मोडलं आणि निघाले.

लिंबाखाली पाच-पन्नास माणसं होती, सगळ्या पेशंटांची मिळून. थोरला भाऊही डबा घेऊन तिथंच आला होता. मी म्हातारीसमोर उभी राहिले आणि ओरडले. त्याला दुसरा शब्द नाही. "आजी, तुमच्या सुनेची चूक नाही! त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं बोलले. झोपवून ठेवा असं मी लिहून दिलं होतं, हे बघा माझं अक्षर. तिनं माझं ऐकलं. पाय सुजला तो माझ्यामुळं. आणि कमरेतली सुई तिनं सांगितली, म्हणून तुमचा मुलगा आज घरी निघालाय."

मी कार्ड उंच धरलं होतं. भाऊ उठला. "म्हंजे तुमीच? आन् आमी हितं नऊ दिस..." मागची चार माणसंही उठली. मी हलले नाही.

म्हातारीनं थोरल्याच्या धोतराचा सोगा धरला. "बस खाली."

"आई, ही बाई म्हनतीय काय..."

"बस म्हनते ना." मग ती माझ्याशी नाही, कुणाशीच नाही, जमिनीकडे बघून बोलायला लागली. "पाय चोळ म्हनून मी सांगितलं हिला. ती म्हनत हुती, आत्याबाई, सिस्टरला फोन लावू. मी म्हनले, काय फोन लावतीस, जोर लाव, गाठ सुटंल. माझ्यापुढ्यात बसून चोळला तिनं. माझ्या सांगन्यावरून. आन् मीच तिला सही करू दिली न्हाई. तवापासून माझ्या घशाखाली घास उतरना, आन् तोंडातून खरं निघंना."

मी मंदाकडे पाहिलं. नऊ दिवस तिला हे माहीत होतं. कॅज्युअल्टीत मी ओरडले तेव्हा, सहीचा कागद हातातून गेला तेव्हा, माहेरी धाडायच्या गोष्टी कानावर आल्या तेव्हा. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. ते ती बोलली नव्हती. आणि मला इथं मोठ्यानं बोलायला आणलं ते स्वतःसाठी नव्हतं. आपल्या लेकाला आपण मारायला घातलं नाही, हे म्हातारीला कळावं म्हणून आणलं होतं.

मंदा सासूजवळ जाऊन बसली. म्हणाली, "ऐकलं का आत्याबाई? तुमच्यानं न्हाई झालं."

म्हातारीनं तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि नुसती त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. भाऊ डब्याचं झाकण हातात धरून तसाच बसला होता. थोड्या वेळानं म्हातारीनं फडकं सोडलं, भाकरी मोडली, अर्धी मंदाच्या हातावर ठेवली. उरलेल्या अर्धीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढं धरला.

"बसा सिस्टर. सकाळपून उभ्याच असाल."

त्या दिवसांत आम्ही कुणाच्या हातचं खात नव्हतो आणि कुणी आम्हाला खाऊ घालत नव्हतं. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्यांच्यात मातीवर बसले.